पगार कामाचा की पत्त्याचा?

गेल्या वर्षी कंपनीकडून एक ऑनलाइन फॉर्म आला. तीनच रकाने होते : नाव, एम्प्लॉयी कोड आणि 'कामाचं कायमचं ठिकाण'. पहिले दोन भरायला दहा सेकंद लागली. तिसऱ्यापाशी मी दोन दिवस अडकून बसलो.

खरं उत्तर साधं होतं. नंदुरबार, पिनकोड ४२५४१२. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात मी पुण्याहून एक बॅग घेऊन घरी आलो, पंधरा दिवसांसाठी. पुढच्या वर्षी वडील गेले. आईला एकटं टाकून पुन्हा कोथरूडच्या भाड्याच्या खोलीत जावं असं वाटेना आणि काम तर इथूनही होत होतं. पंधरा दिवसांची पाच वर्षं झाली.

ईमेलच्या तळाशी एक ओळ होती : ठिकाणानुसार वेतनात बदल होऊ शकतो. माझ्याच टीममधला एक मित्र मूळचा जळगावचा, राहतोही तिथेच. त्याने बिनदिक्कत 'बाणेर, पुणे' लिहून टाकलं. बाणेरला त्याच्या बहिणीचा फ्लॅट आहे. मला फोनवर म्हणाला, "अरे भो, काम तेच, लॅपटॉप तोच, डोकं तेच. मग पत्ता कशाला पाहिजे त्यांना?"

मी नंदुरबार लिहिलं. सत्यप्रेमाने नव्हे, लॅपटॉप कुठून जोडला जातो हे कंपनीला कळतं या भीतीने. पुढच्या महिन्यापासून माझा पगार अठरा टक्क्यांनी कमी झाला. काम एका मिनिटानेही कमी झालं नाही.

त्यानंतरचे काही महिने मी ज्याला-त्याला माझ्यावरचा अन्याय सांगत सुटलो. शेजारचे काका ऐकून म्हणाले, "तू ते दिनभर घरमाच बठेल ऱ्हास, मंग पगार कसाना भेटस?" त्यांच्या लेखी मला घरी बसून ब्याऐंशी टक्के मिळत होते हेच नवल होतं. मी हसून सोडून दिलं. मग एक दिवस मला एक मेसेज आला आणि माझं हसणं थांबलं. त्या मेसेजकडे येतोच, पण आधी हा पत्त्याचा प्रश्न नीट मांडू.

तिकडे खर्च कमी

प्रश्न असा आहे : दोन माणसं एकच काम सारख्याच दर्जाने करतात. एक पुण्यात राहते, दुसरी नंदुरबारला. दोघांना वेगळा पगार देणं न्याय्य आहे का?

हा प्रश्न करोनानंतर जगभर आला. मे २०२० मध्ये फेसबुकच्या मार्क झकरबर्गने जाहीर केलं की घरून काम करणाऱ्यांचा पगार पुढच्या जानेवारीपासून ते कुठे राहतात त्याप्रमाणे ठरेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडिटने उलटा निर्णय घेतला : अमेरिकेत कुठेही राहा, पगाराची पट्टी एकच. दोन्ही कंपन्या एकाच शहराच्या आसपास वाढलेल्या, एकाच धंद्यातल्या. म्हणजे याचं उत्तर धंद्याच्या नियमांतून आपोआप निघत नाही. ते कुणालातरी ठरवावं लागतं, आणि ठरवण्याची गोष्ट म्हटली की बरं-वाईट आलंच.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने बीपीओसाठीचे नियम सैल केले आणि घरून काम करण्याची कायदेशीर वाट मोकळी झाली. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ पर्यंत एका वेळी फक्त पंचवीस टक्के लोक ऑफिसात असतील असं स्वप्न सांगितलं होतं. २०२३ मध्ये त्याच कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. जे परतले त्यांचा प्रश्न मिटला. गावी राहिलेल्यांचा उरला.

कमी पगाराचं समर्थन एका वाक्यात होतं : तिकडे खर्च कमी. ऐकायला अगदी रास्त. नंदुरबारला दोन खोल्यांचं भाडं पुण्याच्या पार्किंगच्या भाड्याएवढं. भाजी स्वस्त, रिक्षा स्वस्त, दूध ओळखीचं. मग पगार थोडा कमी झाला तर बिघडलं काय?

आता एक वेगळं दृश्य बघा. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, लांबून जमीन लाल दिसते. बाजार समितीत व्यापारी मिरची हातात घेतो, रंग बघतो, ओलावा बघतो, मोडून वास घेतो आणि बोली लावतो. शेतकऱ्याला तो असं कधी विचारत नाही की तुझ्या घराचं भाडं किती आणि तुझी पोरं कुठल्या शाळेत जातात. वाहतुकीचा खर्च तो धरतो, कारण तो खरा खर्च आहे. पण विकणाऱ्याचं पोट लहान म्हणून माल स्वस्त, असं तो निदान तोंडावर तरी म्हणत नाही. माझा माल तर वायरीतून जातो. त्याला ट्रक लागत नाही.

म्हणजे 'खर्च कमी' ही मालाची किंमत नाही, ती माझ्या गरजांची किंमत आहे. आणि गरजांवरून मजुरी ठरवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. शेतात बाईला कमी मजुरी का? तर घर चालवायला तिचा नवरा आहे, तिला काय लागतं! आदिवासी मजुराला कमी का? तर त्याला भाकरी-मिरची पुरते, त्याला काय लागतं! ज्याला कमी द्यायचं त्याच्या गरजा आधी कमी ठरवायच्या, ही युक्ती इतकी जुनी आहे की ती मोडायला आपल्याला कायदे करावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व आलं. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. त्या कायद्याने बाईच्या गरजा किती हे विचारलं नाही. तिने काम काय केलं एवढंच विचारलं.

सरकारी पगारपत्रकातलं तत्त्व

यावर कुणी म्हणेल, जागेचा विचार पूर्ण सोडून कसा चालेल? मुंबईतल्या माणसाला खरंच जास्त भाडं भरावं लागतं.

बरोबर आहे. त्यासाठी आपल्याकडे एक तयार उत्तर आहे आणि ते कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या पगारपत्रकात छापलेलं असतं. धडगावच्या शाळेतल्या गुरुजींचं आणि मुंबईतल्या त्याच श्रेणीच्या, तितक्याच वर्षांच्या शिक्षकाचं मूळ वेतन एकच असतं. फरक घरभाडे भत्त्यात असतो. सातव्या वेतन आयोगाने सुरुवातीला तो मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या २४ टक्के, मधल्या शहरांत १६ आणि बाकी सगळीकडे ८ टक्के ठेवला. म्हणजे कामाची किंमत एका ओळीत आणि जागेची किंमत दुसऱ्या ओळीत. दोन्हींची बेरीज वेगळी येते, पण कुणाला कशाचे किती मिळतात हे स्पष्ट दिसतं.

गंमत पुढे आहे. बाहेरचा कर्मचारी अक्कलकुवा किंवा अक्राणीसारख्या आदिवासी भागात नेमला गेला तर त्याला एकस्तर वेतनश्रेणी मिळते. वरच्या पदाची वेतनश्रेणी, तिथे असेपर्यंत. महाराष्ट्र सरकारचा २००२ चा तसा निर्णय आहे. कारण उघड आहे : तिथे राहणं कठीण आहे. दवाखाना लांब, रस्ता पावसाळ्यात बेभरवशाचा, मुलांच्या शिक्षणाची अडचण.

आता हे दोन निर्णय शेजारी ठेवून बघा. बाहेरचा माणूस धडगावला गेला तर सरकार म्हणतं, तिथे राहणं अवघड आहे, जास्त घे. धडगावचाच माणूस धडगावहून काम करू लागला तर बाजार म्हणतो, तिथे राहणं स्वस्त आहे, कमी घे. एकच डोंगर, तोच रस्ता, तीच वीज. एकाला तो त्रास म्हणून मोजला जातो आणि दुसऱ्याला सवलत म्हणून.

मला वाटतं, आपण 'स्वस्त' हा शब्दच चुकीचा वापरतो. नंदुरबार स्वस्त आहे, कारण इथे बऱ्याच गोष्टी नाहीत. ज्या गोष्टीच नाहीत त्यांचं बिल येत नाही. वडिलांच्या आजारपणात आम्ही सुरतला किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब कुठल्याच खर्च-निर्देशांकात बसणार नाही. वीज गेली की मीटिंग पडू नये म्हणून मी इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिम ठेवली आणि पावसाळ्यासाठी तिसरी सोय म्हणून मित्राच्या दुकानातलं वायफाय. पुण्यातल्या सहकाऱ्याला हे सगळं ऑफिसात फुकट मिळतं, वर कॉफी. नसण्याला बचत म्हणायचं आणि ती बचत पगारातून कापून घ्यायची, हा हिशेब मला पटत नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप

इथपर्यंत मी स्वतःला फारच पटत होतो. मग एका रात्री स्वतःचाच विचार उलटा लावून पाहिला आणि अडचण आली.

मी पुण्यात नोकरीला लागलो ते कशामुळे? माझी कंपनी ज्या ग्राहकासाठी काम करते तो अमेरिकेत आहे. तिथे माझं काम करणारा माणूस माझ्या कितीतरी पट पगार घेतो. हिंजवडीच्या काचेच्या इमारती त्या फरकावर उभ्या आहेत. 'तिकडे खर्च कमी' हे वाक्य न्यू जर्सीत कुणीतरी पुण्याबद्दल बोललं म्हणून खान्देशातल्या माझ्यासारख्या हजारो पोरांना नोकऱ्या लागल्या. मी आज म्हणतो की पुणे आणि नंदुरबारला एकच पगार पाहिजे. उद्या हेच तत्त्व न्यू जर्सी आणि पुण्याला लावलं, तर काम पुण्याला येईल कशाला?

हा आक्षेप हलका नाही. गरीब जागेकडे बऱ्याचदा स्वस्त असणं एवढंच भांडवल असतं. तेही हिरावून घेतलं तर काम तिथवर पोचणारच नाही. माझ्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास. २०१८ मध्ये केंद्राने देशातले मागे पडलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या मोजक्या जिल्ह्यांत नंदुरबार होतं. अशा जिल्ह्यात एखाद्या मुलीला लॅपटॉपवरचं काम मिळत असेल, तर ते कमी दराने का होईना, मिळू नये असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मी हा युक्तिवाद मनोमन मान्य केला. इतका, की त्यावर वागलोही होतो. आता त्या मेसेजकडे येतो.

"दादा, पुण्याच्या ताईला किती देता?"

पगार कापला गेल्यावर मी जोडधंदा शोधला. ओळखीतून एक काम मिळालं : आवाजाच्या फाइली ऐकून शब्दशः लिहून काढायच्या. भाषा ओळखणाऱ्या यंत्रांना शिकवायला असा मजकूर लागतो. आतापर्यंत ही कामं इंग्रजी-हिंदीची असायची, आता छोट्या भाषांची गरज पडू लागली आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाचं भाषांतराचं ॲप आणलं. त्यात संताली, मुंडारी, गोंडीबरोबर भिलीही आहे. ज्या बोलीत बोललं म्हणून शाळेत मार मिळायचा, ती बोली यंत्राला शिकवायला आता माणसं शोधावी लागतात.

मला मिळालेल्या कामात मराठीच्या फाइली होत्या आणि थोड्या पावरीच्या. ग्राहक दर मिनिटाच्या आवाजाला ५० रुपये देत होता, दोन्ही भाषांना सारखेच. मराठीच्या फाइली मी पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलीला दिल्या, मिनिटाला ३० रुपयांनी. पावरीसाठी धडगावजवळच्या पाड्यावरची एक मुलगी मिळाली, नंदुरबारला कॉलेजात शिकलेली. तिला १८ रुपये सांगितले. ती लगेच हो म्हणाली.

१८ कसे ठरवले? खरं सांगतो, ठरवलेच नाहीत. आकडा आपोआप आला. डोक्यात एकच वाक्य होतं : तिकडे खर्च कमी.

तिच्या पाड्यावर रेंज येत नाही. डोंगराच्या सोंडेवर एक जागा आहे, तिथे ती संध्याकाळी जाऊन फाइली उतरवून घेई, रात्री घरी बसून लिही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून पाठवी. एका मिनिटाच्या आवाजाला दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाला सहा मिनिटांचं काम, १०८ रुपये. चार तास बसली की ४३२. रोजगार हमीवर महाराष्ट्राचा दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. मी मनातल्या मनात हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि खूश झालो. उन्हात खोदकाम करण्यापेक्षा बरं नाही का? तिचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात, त्यापेक्षा तर कितीतरी बरं.

एके दिवशी तिचा व्हॉट्सॲप आला. "दादा, एक विचारू का? पुण्याच्या ताईला किती देता?"

तिला कुठून कळलं माहीत नाही. बहुधा फाइलींच्या शीटमध्ये मी नावं तशीच ठेवली होती. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं. 'तिचा अनुभव जास्त आहे.' खोटं होतं, दोघींची सुरुवात एकाच आठवड्यात झाली होती. 'मराठीचं काम वेगळं असतं.' तेही खोटं. 'पुण्यात खर्च जास्त असतो गं.' हे खरं होतं. पण हे वाक्य टाइप करताना मला माझ्या कंपनीचा ईमेल आठवला.

फरक गेला कुठे?

जो कठीण आक्षेप मी वर मांडला, त्याची परीक्षा इथे झाली. आक्षेप काय होता? स्वस्त नसेल तर काम गरीब जागेपर्यंत येणारच नाही. पण इथे तर काम आलंच होतं. ग्राहकाने पावरीला ५० रुपये देऊन टाकले होते. १८ आणि ३० मधले १२ रुपये काम धडगावला आणण्यासाठी खर्च झाले नाहीत. ते माझ्या खिशात राहिले. मराठीच्या मिनिटामागे मी २० ठेवत होतो, पावरीच्या मिनिटामागे ३२. तिच्या स्वस्तपणाचा फायदा तिला नव्हता, ग्राहकालाही नव्हता. तो मधल्या माणसाला होता आणि मधला माणूस मी होतो.

या मधल्या माणसाला आमच्याकडे जुनं नाव आहे : मुकादम. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना खान्देशातून ऊसतोड मजूर पुरवणारा. तो पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, पाड्यावर येतो, उचल देतो आणि कोयता बांधून घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या ऊसतोडीवर १९७० च्या दशकात जे लिहिलं त्यात आमच्याच भागातली माणसं आहेत. कारखान्याशेजारी गुजरातमध्ये स्थानिक मजूर असताना लांबून माणसं का आणायची, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तराचा मोठा भाग हाच, की लांबून आलेला माणूस भांडत नाही.

नवापूर स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक तिथे फोटो काढतात. त्याच फलाटावरून कोयते गुजरातला जातात. त्या बाकावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकलं की माणूस बदलत नाही, हे आपल्याला दिसतं आणि हसू येतं. मजुरीच्या बाबतीत मात्र आपण ते रोज विसरतो.

आणि मुकादमाचं समर्थन काय असतं? "मी नसतो तर यांना काय मिळालं असतं?" मी ३१२ आणि ४३२ शेजारी ठेवून नेमकं हेच म्हणत होतो. या वाक्यात एक खोट आहे. तुलना कशाशी करायची हे ते आधीच ठरवून टाकतं. तिच्या मजुरीची तुलना मी खोदकामाशी केली. माझ्या पगाराची तुलना मात्र पुण्यातल्या सहकाऱ्याशी करत होतो. मी स्वतःला वरच्या माणसाशेजारी उभं केलं आणि तिला खालच्या कामाशेजारी. तिला पुण्याच्या ताईशेजारी उभं करावं असं मला सुचलं नाही. ते तिलाच सुचावं लागलं.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. शहाद्याच्या सुपीक शेतांवर आदिवासी सालदार राबत. खान्देशात आखाजीला सालदाराचं साल ठरे आणि पुढचं पूर्ण वर्ष मालकाचं होई. कामाला तास नसत, कारण विकलं गेलेलं वर्ष असे. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यात आघाडीवर होते. गेलेल्या जमिनी परत मागणं, सालदाराच्या अटी, मजुरीचे दर, हे त्यांचे विषय. आज रात्री अकराला कंपनीच्या चॅटवर हिरवा दिवा ठेवून बसताना मला कधीकधी त्या सालाची आठवण येते. कामाचा शेवट कुठे, हे घरून काम करणाऱ्यालाही सांगता येत नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते कायद्यापर्यंत पोचलं नाही. पण माझी आणि सालदाराची बरोबरी करणं अतिशयोक्ती होईल. माझ्याकडे राजीनामा आहे. डोंगराच्या सोंडेवर बसलेल्या मुलीकडे तोही नावापुरताच आहे.

हिशेब सांगता येतो का?

मग न्याय्य दर ठरवायचा कसा? सगळ्या जगात एका कामाला एकच पैसा, हे आज होणार नाही हे मलाही कळतं. न्यू जर्सी आणि पुण्यातला फरक मी एकटा मिटवू शकत नाही. पण माझ्या हातात असलेल्या ५० रुपयांच्या वाटपाला ती सबब लागू नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ च्या एका निबंधात एक कसोटी सांगितली आहे, तिचा मला समजलेला सोपा अर्थ असा : दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली जी गोष्ट तुम्हाला उघडपणे सांगता येत नाही, ती अन्यायाची आहे असं समजा. मला तिचा मेसेज आला तेव्हा मी जे तीन वेळा टाइप करून पुसलं, तीच ती कसोटी होती.

या कसोटीला काही फरक टिकतात. पुण्यातल्या माणसाला घरभाड्यापोटी वेगळी रक्कम दिली तर ती सांगता येते. एखाद्याच्या फाइली रेंजअभावी उशिरा येतात आणि त्यामुळे खरोखर नुकसान होतं, तर तेही सांगता येतं, किती ते मोजता येतं, आणि रेंज सुधारली की कपात बंद करता येते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे काम दिलं तर दहा टक्के जास्त मजुरीची तरतूद होती. मूळ दर एक, अंतराचं वेगळं, तेही मजुराच्या बाजूने. असे फरक डोळ्याला डोळा देऊन सांगता येतात. 'तुला कमी चालतं म्हणून कमी' हे सांगता येत नाही, म्हणून ते बारीक अक्षरात लिहावं लागतं.

माझ्या जळगावच्या मित्राचं खोटंही मी आता या कसोटीवर बघतो. तो चुकला असं मला वाटतं, कारण त्यालाही ते उघड सांगता येणार नाही. पण ज्या धोरणाला स्वतःचा हिशेब सांगता येत नाही, ते धोरण माणसांना खोटं बोलायला शिकवतं, एवढंही त्यात जोडायला हवं.

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या बारा आकड्यांची एक गोष्ट मला आवडते. त्यात तुमचं गाव, जिल्हा, जात, काहीच दडलेलं नसतं. आकडे नुसते आकडे असतात. पत्ता न सांगणारा आकडा माझ्या जिल्ह्यातून देशभर गेला. पगाराचा आकडा अजून पत्ता विचारतो.

शेवटचा मेसेज

मी तिला खरं सांगितलं. ग्राहक किती देतो, पुण्याच्या ताईला किती, तिला किती, माझ्याकडे किती राहतात. लिहिलं की यापुढे दोघींना ३०. तोपर्यंत तिने ६४० मिनिटांचं काम केलं होतं. बारा गुणिले सहाशे चाळीस, ७,६८० रुपये. ते त्याच रात्री पाठवले. मोठेपणा वगैरे काही नाही यात, तिचेच होते.

कंपनीलाही ईमेल केला. विनंती केली नाही, एकच प्रश्न विचारला : माझ्या कामातला कोणता भाग अठरा टक्क्यांनी कमी झाला आहे? उत्तर आलं की हे धोरण आहे. मी पुन्हा विचारलं आहे.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं, ती सोंडेवर चढली असेल तेव्हा. आभार मानले होते. खाली आणखी एक ओळ होती.

"दादा, मराठी लिहिणारे खूप मिळतात. पावरी लिहिणारे किती मिळाले तुम्हाला? मग दर सारखा का?"

मी शीट पुन्हा उघडली आहे.